ताळ्याच्या दिवशी

"चार पूर्णांक एक दोन," मी वाचलं.

टेबलाच्या पलीकडे यामिनी तेंडोलकर बसली होती. तिनं आपल्या कागदावर बोट ठेवलं, ओळ पुन्हा एकदा पाहिली आणि म्हणाली, "शून्य पूर्णांक नऊ."

गुळवणी सरांची लाल पेन्सिल थांबली. सकाळपासून ती बरोबरच्या खुणा करत नुसती सुटली होती. सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. तिनं पुन्हा वाचलं. माझा आकडा तिच्या चौपटीहून मोठा होता.

माझ्या मनात काय आलं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाचा गैरसमज नको. आलं ते एवढंच: चुकली! अखेर चुकली एकदाची! चूक माझीही असू शकेल हा विचार पुष्कळ उशिरा आला, आणि आला तसा दारातूनच परत गेला.

ही पस्तीस वर्षांपूर्वीची कोल्हापूरची गोष्ट. टेकडीवरच्या आमच्या विद्यापीठात फिजिक्सच्या इमारतीच्या मागच्या अंगाला सरांची खोली होती. खिडकीबाहेर मोर ओरडायचे. यामिनी आणि मी, दोघी सरांकडे पीएच.डी. करत होतो. काम काय करतो ते लोकांना सांगणं अवघड जायचं. माझ्या आईला मी असं सांगितलं होतं: दुर्बिणीवाले लोक ताऱ्याचा प्रकाश फोडून त्याचा पट्टा काढतात. पट्ट्यात रेघा असतात. कुठली रेघ लोखंडाची, कुठली कॅल्शियमची, ते त्यांना ओळखता येतं. पण रेघ ठळक दिसली, तर तिथं लोखंड फार आहे, की लोखंडाच्या अणूला तीच रेघ काढायची हौस फार आहे, हे नुसतं बघून कळत नाही. अणूत पायऱ्या असतात. इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खाली उतरला की रेघ उमटते. तो कुठल्या पायरीवरून किती सहज उतरतो, तो आकडा आम्ही गणितानं काढून द्यायचा.

"म्हणजे तारा त्यांचा आणि डोकेफोड तुमची," आई म्हणाली होती. अगदी तसंच.

सरांचे वडील साताऱ्याच्या कोर्टात शिरस्तेदार होते, त्यामुळं सरांच्या तोंडी भाषा कोर्टाची. "एका आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही," ते म्हणायचे. "दोन साक्षीदार हवेत. आणि साक्षीदारांनी बाहेर व्हरांड्यात एकमेकांशी बोललेलं नको." म्हणून एकच अणू ते दोघींना द्यायचे. माझी रीत वेगळी, माझा प्रोग्राम वेगळा. तिचं सगळं वेगळं. काम चालू असेपर्यंत त्या अणूबद्दल एकमेकींशी अवाक्षर काढायचं नाही. मग एक दिवस ठरवून समोरासमोर बसायचं आणि आकडे मोठ्यानं वाचायचे. त्याला सर ताळ्याचा दिवस म्हणत. ताळा जुळला की जयसिंगपूरच्या भडंगाची पुडी फोडायची. ती पुडी सकाळपासून टेबलावर ठेवलेली असायची आणि आम्ही वाचता वाचता तिच्याकडे बघायचो.

जुळला नाही, तर दुसरा नियम. ज्यानं त्यानं आपल्याच गणितात चूक शोधायची. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ कुणालाही दिसतं, आपलं मुसळ शोधा, असं सरांचं सांगणं. सापडलं की तडक त्यांच्याकडे जायचं. "चुकलेला आकडा मी दुरुस्त करीन," ते म्हणायचे, "दडवलेल्याला माझ्याकडे औषध नाही."

यामिनी येण्याआधी तीन वर्षं मी सरांची एकुलती एक विद्यार्थिनी होते. दुसऱ्या साक्षीदाराचं काम सर स्वतः करत. सदाशिव रणभिसे नावाचा एक मुलगा होता, पण तो भलत्याच विषयावर काम करायचा आणि बहुतेक वेळ कँटीनमध्ये सापडायचा. मग सावंतवाडीहून ही आली. केसाला खोबरेल चोपडलेली, दोन शेपटे, बोलताना मान वाकडी. मला वाटलं, ही काय करणार! तिनं सहा महिन्यांत माझ्या बरोबरीचा तक्ता करून सरांपुढं ठेवला आणि त्यात एक खाडाखोड नव्हती. त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते लागलंच.

सरांना काही अडलं की ते म्हणायचे, "तेंडोलकरबाईंना विचारा." आधी ते "मोहरीरबाईंना विचारा" म्हणायचे. मी शरयू मोहरीर, मिरजेची, बी.एस्सी.ला विद्यापीठात पहिली. मला हे सहन कसं व्हावं? तिनं घरून आणलेले लाडू सर मिटक्या मारत खायचे, मी नेलेली चकली डब्यात तशीच राहायची. तिचा प्रोग्राम पहिल्या फेरीत चालायचा, माझा कुठल्यातरी स्वल्पविरामावर अडून बसायचा. कॉम्प्युटर सेंटरमधल्या गारठ्यात मी शाल पांघरून कुडकुडायची आणि ती त्याच गारठ्यात काहीतरी गुणगुणत बसायची. तिच्या गुणगुणण्याचासुद्धा मला राग यायचा. सूर बरा होता, म्हणून जास्तच.

वर या खेपेचा अणू साधा नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या एका वेधशाळेला लोखंडाचा तक्ता हवा होता. त्यांना एका तेजोमेघात एक रेघ फार ठळक दिसली होती आणि तिचा अर्थ लावायला आमचा आकडा लागणार होता. त्यांनी पत्रात लिहिलं होतं की तक्ता पाठवा, आणि तो करणारं माणूसही वर्षभर आमच्याकडे पाठवा. जागा एकच होती. "ज्यांचा तक्ता जाईल, त्या जातील," सरांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी महाद्वार रोडला जाऊन पासपोर्टचे फोटो काढून घेतले.

आणि आता नेमकी तीच रेघ जुळत नव्हती.

"पुढं वाचा," सर म्हणाले.

आम्ही वाचत राहिलो. ओळीमागून ओळ जुळत गेली. बरीच पानं उलटल्यावर आणखी एक ओळ अडली. या वेळी माझा आकडा बारका होता, शून्य पूर्णांक तीन नऊ. तिचा होता तीन पूर्णांक सहा एक. सरांनी त्या ओळीभोवतीही लाल गोल केला. शेवटच्या पानापर्यंत बाकी सगळं जुळलं. शेकड्यांनी ओळी होत्या आणि त्यात दोनच गोल.

"कुणा एकीचं काहीतरी सुटलंय," सर म्हणाले. "वेधशाळेच्या दुर्बिणीच्या, ती रेघ बघायच्या ठरलेल्या रात्री जवळ आल्यात. लवकर शोधा. आपापलं."

भडंगाची पुडी त्यांनी कपाटात ठेवून दिली.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. नियमाप्रमाणं मी माझं गणित तपासत होते, पण मनातून तिचंच तपासत होते. तिचे ते दोन आकडे मला पाठ झाले होते. माणूस देवाचं नाव घेतं तसे मी तिचे आकडे घोकत होते. बसमध्ये, आंघोळीला, जेवताना. समोर ती मात्र रोजच्यासारखी यायची, शेपटा पुढं घेऊन कागदांत डोकं घालायची. एकदा मी मुद्दाम विचारलं, "सापडलं का मुसळ?"

"नाही गो. तुला?"

"माझ्यात काही असेल तर सापडेल ना!" मी म्हणाले.

ती हसली. तिला राग येत नाही, हा आणखी एक राग.

रविवारी मी मिरजेला घरी गेले. आईनं माझ्यापुढं किसणी आणि गाजरं ठेवली.

"काय पुटपुटायलीस गं मघापासून?" तिनं विचारलं.

"काही नाही. यामिनीचे आकडे."

"तिचे कशाला? तुला तुझे नाहीत होय?"

"तिचे चुकलेत, आई."

"मग चुकू देत की! तू कशाला जीव जाळून घेतीस?"

आईला कसं सांगणार, की तिचं चुकून भागणार नव्हतं, ते मला दाखवता यायला हवं होतं! गाजर किसता किसता मला एक सुचलं. तिचा एक आकडा फार लहान आणि दुसरा फार मोठा. दोन्ही मिळून तरी धड बसतात का बघू. एकूण जास्त भरले, तर तिनं हवेतनं आणलेत हे सिद्ध करता येईल. शून्य पूर्णांक नऊ आणि तीन पूर्णांक सहा एक. चार पूर्णांक पाच एक. मग माझे मिळवले. चार पूर्णांक एक दोन आणि शून्य पूर्णांक तीन नऊ.

चार पूर्णांक पाच एक.

किसणीवर माझं बोट सोललं गेलं. आई ओरडली, हळद आणायला उठली. मी मात्र तशीच बसून राहिले, कारण आता सगळंच दिसत होतं.

आमच्यात प्रत्येक पायरीला घराण्याचं नाव असतं. एकाच पायरीत दोनतीन घराण्यांचं रक्त मिसळलेलं असतं आणि ज्याचा वाटा सर्वांत मोठा त्याचं नाव प्रोग्राम लावून टाकतो. या दोन पायऱ्या एकमेकींना अगदी खेटून होत्या आणि इतक्या मिसळलेल्या, की निम्मं हिचं आणि निम्मं तिचं; वाटणी कशीही झाली तरी दोघींची बेरीज तीच. माझ्या प्रोग्रामनं वरच्या पायरीला एक नाव दिलं, तिच्या प्रोग्रामनं केसभर फरकानं दुसरं. जुळ्या बहिणींच्या बाबतीत पाहुण्यांचं होतं तसं झालं होतं. पायऱ्यांची उंची गणितात थोडी इकडंतिकडं होतेच, म्हणून सर आम्हाला नावानं वाचायला लावायचे. नाव पक्कं असतं, अशी सगळ्यांचीच समजूत. त्यामुळं मी थोरलीचा आकडा वाचत होते तेव्हा ती धाकटीचा वाचत होती. उंचीनं लावून पाहिलं, तर दोघींचंही एकच म्हणणं होतं. वरच्या पायरीची रेघ ठळक, खालचीची फिकी. मोठ्या आकड्यात थोडा फरक राहत होता, फिक्या रेघेत जास्त, पण तेवढा आमच्या धंद्यात चालतो.

म्हणजे दोघीही बरोबर होतो. यामिनी चुकली नव्हती.

कुणीही शहाणं माणूस खूश झालं असतं. मला मात्र तोंडातला घास काढून घेतल्यासारखं झालं. पण मग हळूहळू दुसरा विचार आला आणि बोटाची आग थांबली. दोघी बरोबर असू, पण ओळखलं कुणी? मी! ती अजून बसली असेल आपल्या कागदात मुसळ शोधत.

जेवण तसंच टाकून मी दुपारची एस.टी. पकडली. कोल्हापूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा सरांचं घर एका बाजूला होतं आणि राजारामपुरीतली यामिनीची खोली दुसऱ्या बाजूला. तडक सरांकडे जायचं, हा नियम मला तोंडपाठ होता. पण सरांच्या तोंडचं कौतुक नंतरही मिळालं असतं. मला यामिनीचा पडलेला चेहरा बघायचा होता. मी रिक्षा राजारामपुरीकडे घ्यायला सांगितली.

यामिनी घावणे करत होती. पदर खोचलेला, हाताला तांदळाचं पीठ.

"तू? आज? ये गो, बस," ती म्हणाली.

मी बसले नाही. "त्या दोन ओळी," मी म्हणाले. "तुझे दोन्ही आकडे मिळव. माझे दोन्ही मिळव. बघ काय येतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मीही तिच्याकडे डोळे लावून उभी होते. चेहरा काही पडेना.

"थांब, तवा तापलाय," ती म्हणाली आणि पडद्यामागं स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेली. बराच वेळ आली नाही. जळल्याचा वास सुटला, तरी आली नाही. मग पदराला बोट पुसत बाहेर आली.

"सारखंच येतं," ती म्हणाली. "नावांची अदलाबदल झालीय. ठाऊक आहे मला."

माझ्या पायाखालची फरशीच सरकली. "कधीपासून?"

"ताळ्याच्याच दिवशी लक्षात आलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?" तिनं मान वाकडी करून विचारलं. "मला वाटलं, तुलाही तेव्हाच कळलंय आणि तू मुद्दाम गप्प बसलीयस. मग मीच का बोलू? तुझ्यासारखीला न कळायला काय झालं?"

आता काय बोलायचं? खरं सांगायचं, तर मला आज कळलं होतं, गाजर किसताना. म्हणजे मी निर्मळ मनाची ठरले असते, पण आठवडाभर मागं पडलेली. खोटं सांगितलं, तर कपटी ठरणार होते, पण तिच्या बरोबरीची. मला निवड करायला वेळ लागला नाही.

"हो," मी म्हणाले. "मलाही त्याच दिवशी कळलं होतं."

मग तिनं मला जळकं सोडून दुसरं घावण वाढलं, आणि दोघींनी मिळून उद्या सरांकडे जायचं ठरलं.

सोमवारी सर लवकर आले होते. आम्ही कागद उंचीप्रमाणं लावून त्यांच्यापुढं ठेवले. त्यांनी एक ओळ पाहिली, दुसरी पाहिली, आणि टेबलावर थाप मारून एवढ्या मोठ्यानं हसले की खिडकीतला मोर उडाला.

"अहो, मुसळ नव्हतंच म्हणा की कुणाच्या डोळ्यात! मीच गाढव. मीच नावानं वाचायला लावलं." त्यांनी कपाट उघडून भडंगाची पुडी काढली. "वा! कुणी ओळखलं?"

"दोघींनी," यामिनी म्हणाली.

"दोघींनी? उत्तम. साक्षीदार असावेत तर असे." ते पुडीचा दोरा सोडायला लागले. किती खुशीत होते ते! मी पुष्कळ वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. सहज, कौतुकानं त्यांनी विचारलं, "कधी लक्षात आलं?"

यामिनीनं माझ्याकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं. "ताळ्याच्याच दिवशी, सर."

सरांचा हात दोऱ्यावर थांबला.

"त्या दिवशी?"

"हो."

"आणि तुम्हाला, मोहरीरबाई?"

दार सताड उघडं होतं. "काल, सर." एवढं म्हटलं की झालं. खरं होतं ते. काल कळलं आणि आज सकाळी मी तुमच्यापुढं उभी आहे. बोटाला पट्टी होती, पर्समध्ये एस.टी.चं तिकीट होतं. यामिनीनं स्वतःच्या तोंडानं स्वतःला बाद केलं होतं. ऑस्ट्रेलिया माझी होती, फोटोसुद्धा तयार होते.

पण यामिनी माझ्याकडे बघत होती. "काल" म्हटलं असतं, तर तिला कळलं असतं की शरयू मोहरीरला एक साधी बेरीज करायला आठवडा लागला, आणि वर तिनं माझ्यापुढं फुशारकी मारली. ती नेहमीसारखी हसली असती, राग न येता. सगळं आयुष्य मी ते हसू घेऊन काढायचं?

"मलाही, सर," मी म्हणाले. "त्याच दिवशी."

सरांनी पुडी खाली ठेवली. खिशातून तार काढून आमच्यापुढं सरकवली. वेधशाळेच्या दुर्बिणीच्या रात्री शुक्रवारी संपल्या होत्या. आकडा पोचला नाही म्हणून त्यांनी ती रेघ सोडून दुसऱ्या कशाची तरी निरीक्षणं घेतली होती. पुढची संधी वर्षानंतर.

"आठवडाभर माझ्यासमोर बसून आपापलं मुसळ शोधत होतात तुम्ही," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "कशासाठी हे? दुसरीनं आधी तोंड उघडावं म्हणून?"

मी बोटाची पट्टी चाचपत राहिले.

"चुका मी पुष्कळ पाहिल्यात, अजून पाहीन. पण दोन्ही साक्षीदार ठरवून गप्प बसले, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" त्यांनी दोरा सोडला, पुडी उघडून आमच्या मधोमध ठेवली. "ताळा जुळलाय. खा."

ते बाहेर निघून गेले. आम्ही समोरासमोर बसून भडंग खाल्लं. आठवड्यात ते सादळलं होतं. तरी पुडी संपवली, कारण सरांनी खा म्हणून सांगितलं होतं.

तक्ता दोघींच्या नावांनी छापून आला. इंग्रजी वर्णमालेच्या कृपेनं माझं नाव आधी लागलं, ते मला बरं वाटलं, नाही कशाला म्हणू? पण तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, अशातलीच गत. वर्षाच्या त्या जागेवर सरांनी सदाशिव रणभिसेला पाठवलं. दोघींच्या भांडणात त्याचा लाभ झाला. तो तिकडंच राहिला. दर नव्या वर्षाला त्याचं कार्ड यायचं, त्यावर दुर्बिणीचं चित्र. मी सांगलीच्या एका कॉलेजात लागले, यामिनी सावंतवाडीच्या. आमचा आकडा मात्र जगात चालत राहिला. कुठल्या कुठल्या देशातले लोक ताऱ्यांमधलं लोखंड मोजताना आमची दोघींची नावं एका दमात घेतात.

सर गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ते पुढं आम्हाला कधी टाकून बोलले नाहीत. पण ताळ्याचा दिवस त्यांनी पुन्हा कधी केला नाही.

गेल्या वर्षी मी सावंतवाडीला गेले होते. दोघी निवृत्त, दोघींचे गुडघे दुखणारे. यामिनीनं ओसरीवर पाट मांडले आणि घावणे करायला घेतले. केस पांढरे झालेत, पण खोबरेल तेवढंच. काही वेळ इकडचं तिकडचं झालं. मग ती कालथा हातात धरूनच म्हणाली, "शरयू, एक सांगू? आता काय, सगळं होऊन गेलंय."

"सांग की."

"त्या रविवारी तू माझ्या खोलीवर आलीस ना, तोपर्यंत मला काहीएक कळलेलं नव्हतं."

"काहीतरीच काय!" मी म्हणाले.

"खरंच. तू म्हणालीस, आकडे मिळव. मी आत गेले आणि परातीतल्या पिठात बोटानं बेरीज मांडली. घाबरले की मला तोंडी जमत नाही. तुझेही आकडे पाठ होते मला, आठवडाभर तेच घोकत होते. बेरीज आली तेव्हा घावण जळत होतं आणि मला तव्याकडे बघायची शुद्ध नव्हती."

"मग 'ठाऊक आहे' का म्हणालीस?"

"तू दारात उभी होतीस ती कशी! जिंकून आल्यासारखी. त्या तोंडासमोर 'आत्ता कळलं' म्हणू? मेले असते, पण म्हटलं नसतं गो." ती हसली, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "मला वाटलं, तुलाही नुकतंच कळलं असणार, आता चांगली जिरेल तुझी. तर तू शांतपणे म्हणालीस, मलाही त्याच दिवशी कळलं. तेव्हा माझ्या अंगाची आग आग झाली. म्हणजे ही खरोखरच ओळखून बसली होती! मी अख्खा आठवडा कागद चिवडत होते, आणि ही समोर बसून माझी गंमत बघत होती."

"आणि सरांसमोर?"

"सरांसमोर काय? 'काल' म्हटलं असतं, तर ऑस्ट्रेलिया माझी. कळत होतं मला. पण तू शेजारी उभी होतीस. तुझ्यासमोर कसं म्हणू?" तिनं घावण उलटलं. "लोक म्हणतात रणभिसेचं नशीब. मला रणभिसेचं कधी काही वाटलं नाही. मी जळले ते तुझ्यावर. इतकी वर्षं. वाचता वाचता ओळखायचं म्हणजे काय डोकं असेल, असं रोज म्हणायची मी. मुलींना शिकवताना सांगायचीसुद्धा. माझ्याबरोबर एक होती म्हणून."

तव्यावर पीठ चरचरत होतं. माझ्या जिभेवर आलं होतं. अगं, मलाही नव्हतं कळलं. एवढंच म्हणायचं होतं, आणि दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो असतो. दोघींनी मिळून कसं आपल्या हातानं सगळं घालवलं त्यावर. सर असते, तर तेही हसले असते. मी तोंड उघडलंसुद्धा.

पण यामिनी माझ्याकडे बघत होती. त्या रविवारी जो चेहरा बघायला मी जेवण टाकून एस.टी. पकडली होती, तो आता माझ्यासमोर होता.

"खरं सांग," ती म्हणाली, "ताळ्याच्याच दिवशी कळलं होतं ना तुला?"

"हो," मी म्हणाले. "पहिली ओळ अडली तेव्हाच."